अनामिकेचा भार

नवरा गेला त्या उन्हाळ्यात वीज गेली की आम्ही घरातले सगळे पंखे बंद करायचो. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट चालू राहायची, आतल्या खोलीतला त्याचा वाजवायचा कीबोर्ड. भेटायला आलेली माणसं घाम पुसत बसायची, वर्तमानपत्रानं वारा घ्यायची. कुणी पंख्याच्या बटणाकडं हात नेला की सासूबाई म्हणायच्या, "राहू द्या. आत त्याचं काम चालू हाय." ऐकणारे माझ्याकडं बघायचे. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटत असणार. मी काही सांगायच्या फंदात पडत नसे.

आमची इमारत बीड बायपासच्या पलीकडं आहे. घर घेतलं तेव्हा खिडकीतून ज्वारीची ताटं दिसायची. नंतर तिथं एकामागून एक इमारती उठल्या, आणि पाण्याची पाइपलाइन मात्र रस्त्याच्या अलीकडंच राहिली. त्या वर्षी जायकवाडी धरण तळाला गेलं होतं. आमचा बोअर आटला, शेजारच्यांचा आटला, तरी पलीकडच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी बोअरची गाडी दिवसभर जमीन फोडत होती. खालून पाण्याऐवजी पांढरी भुकटी यायची. ती घरात शिरू नये म्हणून खिडक्या बंद. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून कुणीतरी घरी हवंच. त्यात सुतक. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. एरवी दिवसातले निम्मे तास माझे वर्गात आणि ग्रंथालयात जातात. त्या दिवसांत माझं जग तीन खोल्यांचं झालं होतं आणि त्यातल्या एका खोलीत कीबोर्डचा निळा पडदा अखंड उजळलेला होता.

तो दिवसा शेंद्र्याला कंपनीत असायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. कीबोर्ड जुना, कुणाकडून तरी घेतलेला, पण मोठा. आवाज तयार करणारा सिंथेसायझर आणि वाजवलेलं साठवून ठेवणारा सिक्वेन्सर, दोन्ही एकाच डब्यात. रविवारी सकाळी कॉलनीतली मुलं त्याच्याकडं शिकायला यायची. त्यांच्यासाठी त्याला मराठीत एक पान हवं होतं, यंत्रावरच्या शब्दांचे अर्थ सांगणारं.

"तू मराठीची मास्तरीण. दे की करून."

जेवणं झाली की ताटं तशीच ठेवून आम्ही बसायचो. तो कळ दाबायचा, मी ऐकायचे आणि शब्द शोधायचे. सूर सुरू होताना आवाज किती लवकर वर चढतो, तो अटॅक. पियानोचा पटकन, व्हायोलिनचा सावकाश. मी 'उठाव' म्हटलं, ते त्याला आवडलं. चढून झाल्यावर आवाज थोडा खाली येतो, तो डिके, त्याला 'उतार'. बोट कळेवर असेपर्यंत ज्या पातळीला राहतो, तो सस्टेन; त्याला 'टिकाव'. आणि बोट उचलल्यावर नाहीसा व्हायला जो वेळ लागतो, तो रिलीज. मी लिहिलं, 'सुटका'.

"सुटका नको," तो म्हणाला. "पोरांना वाटंल क्लास सुटला."

"मग विरणं?"

"व्हय, विरणं चांगलंय. अत्तर विरतं तसं."

सगळ्यात जास्त वाद व्हेलॉसिटीवर झाला. त्याचं म्हणणं, यंत्र कळ किती वेगानं खाली गेली ते मोजतं, म्हणून 'वेग' लिही. माझं म्हणणं, ऐकणाऱ्याला वेग कुठं कळतो, त्याला जोर कळतो.

"मग दोन्ही लिही."

"दोन्ही लिहिलं तर व्याख्या राहत नाही, भांडण होतं."

शेवटी 'भार' ठरला. एक ते एकशे सत्तावीस, एवढ्या आकड्यांत यंत्र माणसाच्या बोटाचा भार धरतं, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला ते थोडं उद्धट वाटलं होतं.

आणि मिडी. मी विचारलं होतं की एक यंत्र दुसऱ्याला जोडणाऱ्या मिडीच्या तारेतून आवाज जातो म्हणजे नेमकं काय जातं. तो हसला. "आवाज जातच नाही. कोणती कळ, किती भारानं दाबली, कधी सोडली. एवढीच बातमी जाते. आवाज ज्याचा त्यानं करायचा." म्हणून तेच वाजवणं एका यंत्रावर पियानो होतं आणि दुसऱ्यावर बासरी. मी पानावर लिहिलं, 'मिडी म्हणजे पाऊल नाही, पावलाचा ठसा.'

"हे लई पुस्तकी झालं," तो म्हणाला. पण खोडलं नाही.

त्याच पानावर शेवटचा शब्द होता क्वांटाइझ. वाजवलेले सूर थोडे मागंपुढं पडले असतील तर यंत्र त्यांना तालाच्या रेषांवर नेऊन बसवतं, ते. मी 'ओळीत बसवणं' लिहिलं. तो म्हणाला, "हा शब्द माझ्यासाठीच काढलाय." काही वर्षांपूर्वी कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची अनामिका चेपली होती. बोट वाचलं, त्यातली जाण गेली. त्या बोटाचा सूर किंचित उशिरा यायचा, आणि हलका. दाराआडून ऐकतानाही मला तो ओळखू यायचा. चालणाऱ्याचा एक पाय जरा ओढत यावा तसा. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा त्याचा मित्र, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, त्यावरून त्याला चिडवायचा. आमच्या घरचे मूळचे लासूर स्टेशनचे. "तुम्हारी ये उंगली रोज लासूर से पॅसेंजर में आती क्या?" पण ऑर्केस्ट्राचं काही रेकॉर्ड करायचं असलं की हाच भाई काही न बोलता क्वांटाइझ लावायचा. बोटाचं कुणाला कळायचं नाही. नवऱ्याला ते माहीत होतं आणि त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. स्वतःपुरतं वाजवताना मात्र तो कधीच लावायचा नाही. "उशिरा येतं तर येऊ दे," म्हणायचा, "येतं तर खरं."

त्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून कीबोर्डवर होता. छातीत जळजळतंय म्हणून उठला आणि शेजारच्या पलंगावर आडवा झाला. मी लिंबूपाणी करून आणलं. पुढचं इथं लिहीत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी तो गेला त्या पलंगाजवळ जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वरून टोपली झाकली. आमच्याकडं तशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी पिठात पाऊल उमटलेलं दिसतं, त्यावरून माणूस कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. सकाळी टोपली उचलली तेव्हा जावेला पाखराचा पाय दिसला, चुलत सासऱ्यांना वासराचा खूर. मला टोपलीच्या विणीचे वळ दिसले. सासूबाईंनी दिव्यात तेल घातलं आणि खोलीकडं एकवार बघून सांगितलं, "तेराव्यापर्यंत या खोलीतला एकबी दिवा इझवायचा नाय." निळा पडदाही त्यात धरला गेला. तो चालूच राहिला होता, कुणाला त्याचं भान नव्हतं.

भाई भेटायला आला तो आधी सासूबाईंच्या पायाशी बसला. मग आत गेला. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली.

"भाभी, ये कब से चालू है?"

"त्या दिवसापासून."

"किसीने हाथ नहीं लगाया?"

"आईंनी लावू दिला नाही."

तो पडद्याकडं वाकून बघत होता. "इसमें कुछ है. तीन चॅनेल पे बजाया है. सेव्ह नहीं किया. करता भी कैसे, फ्लॉपी का ड्राइव्ह तो कब का धूल खाके बैठ गया." मग मराठीत, जणू मला नीट कळावं म्हणून, "लाईट गेली तर जाईल हे. अम्मानं वाचवलं."

"लग्नातलं काही असेल."

"नहीं. शादी का गाना होता तो नाम देता वो. इसको नाम नहीं दिया."

त्याचं बोट प्ले लिहिलेल्या बटणाकडं गेलं. दारातून सासूबाई म्हणाल्या, "हात काढा."

"अम्मा, एक बार. उसी का है."

"त्याचं असलं तरी. सुतकात बाजा वाजत नाय. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला शेजाऱ्यानं रेडिओ लावला, तर आमच्या घरच्यांनी वरीसभर त्याच्या दारचं पाणी नाय घेतलं."

"तेव्हा पाणी तरी होतं अम्मा," भाई म्हणाला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. पण हात त्यांनी काढायलाच लावला.

तेव्हापासून आम्ही दोघी त्या यंत्राच्या ताब्यात गेलो. वीज गेली की धावत जाऊन आधी पंखे आणि दिवे बंद करायचे. इन्व्हर्टरवर जाताना पडदा एकदा लुकलुकायचा, तो स्थिर होईपर्यंत मी दारातून हलायचे नाही. बॅटरी जुनी होती. उन्हानं तिच्यातलं पाणी उडायचं. दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणून मी तिला पाजायचे, तेव्हा खाली लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघत असायचे. खोलीतल्या कळांवर पांढरी भुकटी बसत होती. पुसायला गेलं आणि चुकून काही दाबलं गेलं तर, म्हणून पुसायचीही भीती. यंत्र चालू होतं आणि मुकं होतं. आत तो होता, दार आम्हीच लावून धरलं होतं, आणि उघडायची मनाई होती.

माझा भाऊ न्यायला आला. चार दिवस चल, म्हणाला, इथं गुदमरशील. मी म्हटलं, टँकरचं कोण बघणार. तो म्हणाला, टँकरचं मी बघतो. मग खरं कारण सांगावं लागलं. त्यानं कीबोर्डकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि परत गेला.

तेरावं दोन दिवसांवर आलं असताना खाली फलकावर सूचना लागली. ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता, उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नाही. बॅटरी तेवढी टिकणार नव्हती. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दिव्याची वात पुढं सारली. मग म्हणाल्या, "वाजवायचं नाय." पण आवाजात जोर नव्हता.

मी कपाटातून आमचं ते पान काढलं. काही शोधायचं म्हणून नाही. त्याचं अक्षर बघायचं होतं, कारण शब्द माझे असले तरी लिहिलं होतं त्यानं. त्यात मिडीची ती ओळ आली. पाऊल नाही, ठसा. मी भाईला फोन लावला.

"आवाज शून्यावर ठेवून तारेतून पाठवता येईल ना? लॅपटॉपमध्ये?"

"हौ भाभी. आवाज का क्या काम उसमें. मेरे ध्यान में कैसे नहीं आया."

तो संध्याकाळी लॅपटॉप आणि तार घेऊन आला. सासूबाई दिव्याजवळ बसल्या.

"वाजणार नाय ना?"

"नाय अम्मा. मुक्यानं जाईल."

त्यानं आवाजाची दांडी सगळ्यात खाली ओढली. तार जोडली, दोन्ही यंत्रांचा ताल एक केला, आणि बटण दाबलं. काहीही ऐकू आलं नाही. कळा हलल्या नाहीत. लॅपटॉपच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडं लहानमोठ्या रेघा उमटत गेल्या, चौकटीच्या वहीत कुणी नीट भरावं तशा, प्रत्येक रेघ आपल्या उभ्या रेषेला लागून. त्यानं वाजवलेलं माझ्यासमोरून जात होतं आणि मी ते वाचू शकत नव्हते. किती नीटनेटकं आहे, एवढं मनात आलं. सासूबाई पडद्याकडं न बघता दिव्याकडं बघत होत्या. शेवटची रेघ संपली, भाईनं ते जपून ठेवलं, वर पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली आणि मला दिली. मी ती पदराच्या टोकाला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. इन्व्हर्टर गुणगुणू लागला. कुणी धावलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "लाव गं पंखा." मी घरातले सगळे पंखे लावले. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत वाऱ्याखाली बसलो, आणि मला झोप लागली, बसल्या बसल्या. जाग आली तेव्हा पंखे थांबले होते. आत गेले. पडदा काळा होता. पिठावरचा दिवा तेवढा जळत होता. मला वाईट वाटलं नाही. खांद्यावरून काही उतरल्यासारखं वाटलं, हे खरं सांगायला हवं.

तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले. भाई आला. त्यानं कीबोर्ड पुसून पुन्हा सुरू केला. त्याच्या आत आता कोरं गाणं होतं. तार उलट्या बाजूनं जोडली, लॅपटॉपमधला ठसा कीबोर्डला दिला, आणि दांडी वर केली.

सावकाश चाल होती. पियानोवर एक ओळ, खाली तारवाद्यांचा भरणा, मधूनच बासरी. मी दाराआडून त्याचे तुकडे ऐकले होते, तेच आता सलग येत होते. मी वाट बघत होते. कशाची ते मला नीट कळत नव्हतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. सगळं बरोबर होतं. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसं बरोबर.

सासूबाई म्हणाल्या, "लई नीट वाजतंय."

भाईनं थांबवलं. तो लॅपटॉपकडं बघत राहिला. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"क्वांटाइझ चालू था, भाभी," तो म्हणाला. "आत येतानाच सरळ होऊन आलं. मेरे लॅपटॉप में वो चालूच रहता. उसके वास्ते ही."

"मूळचं?"

त्यानं कीबोर्डकडं हात केला. त्यातलं बॅटरी संपली तेव्हाच पुसलं गेलं होतं.

आवाज वर असता तर पहिल्या ओळीतच तो उशिराचा सूर ऐकून त्याच्या ध्यानात आलं असतं. तसं कुणी म्हटलं नाही, पण तिघांच्याही मनात ते असणार. सासूबाई उठून त्याच्याजवळ गेल्या. "रडू नका," त्या म्हणाल्या. "दोस्ताचं बोट झाकत आलात, आजबी झाकलं. हात सवयीनं चालतो."

मी पान आणलं नव्हतं, पण ते मला पाठ होतं. "क्वांटाइझनं भार बदलतो का?" मी विचारलं.

त्यानं डोळे पुसले. "नहीं. सिर्फ टाइम." मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं पडद्यावर सुरांची यादी उघडली. प्रत्येक सुरासमोर भाराचा आकडा. आकडे मोठे, मोठे, आणि मध्येच एक निम्म्यावर आलेला. पुन्हा मोठे, पुन्हा एक खाली. भाईनं हवेत उजवा हात धरून बोटं लावून पाहिली. "जिथं वो उंगली पडते, तिथं खाली आहे," तो म्हणाला. "हर जगह."

पुन्हा लावलं. आता मला ते ऐकू आलं. सूर वेळेवर येत होता, जसा तो कधीच आला नव्हता, पण येत होता त्याच हलकेपणानं. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. असा सूर आला की त्या नुसतं "हितं" म्हणायच्या. जरा वेळानं पुन्हा, "हितं." एकही चुकला नाही.

पुढं पाऊस झाला, पाइपलाइनही आली, पलीकडची इमारत उभी राहिली आणि तिनं आमच्या खिडकीतला उजेड घेतला. मी भाईकडून ते सॉफ्टवेअर मागून घेतलं आणि शिकले. अनामिकेचे सूर आकड्यांवरून सापडत होते. ते एकेक करून रेषेवरून किंचित मागं ओढायचे, असं मी ठरवलं. कितीही उशीर नाही, त्याचा जेवढा होता तेवढा. तो कानाला माहीत होता, असा माझा समज होता. कॉलेजातून आल्यावर रोज थोडं करायचे. कधी जास्त व्हायचा, कधी कमी. कधी एखादी ओळ अशी जमायची की मी हात काढून घ्यायचे.

पूर्ण झालं तेव्हा सासूबाईंना बोलावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही "हितं" म्हणाल्या नाहीत.

"नाय," त्या म्हणाल्या. "हे तू केलंस. चांगलं केलंस. पण तू केलंस."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. मग ते सगळे सूर एकेक करून परत रेषेवर नेऊन ठेवले.